गोळे गेले

डॉक्टर, दोन वर्षांत तुम्ही शामसुंदर टेलरच्या रक्तातल्या साखरेचे कागद चोवीस वेळा बघितलेत, त्याचे पाय एकदाही नाही. बंगळुरातल्या राजाजीनगरच्या तुमच्या दवाखान्यात चपला दाराबाहेर काढायला लावता, म्हणजे माणूस अनवाणीच समोर येतो. तरी तुमची नजर टेबलाखाली उतरली नाही. पोटरीत गोळा आला की तो शिलाई मशीन सोडायचा, गार फरशीवर टाच रोवून दातओठ खात उभा राहायचा. बायको तेल चोळून चोळून थकायची. हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "वयच झालं अण्णा, स्वल्प चालत जा."

आज तो हसतच आत आला. "डॉक्टर, महिना झाला, गोळे गेले! आता पायाला दुखणं म्हणून नाही."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? सरी, ठीक आहे, औषध तेच चालू ठेवा." एवढं बोलून तुम्ही पुढच्याला हाक मारलीत.

बाहेर तुमची सफाईवाली धनलक्ष्मी फरशी पुसत होती. दारापासून तुमच्या टेबलापर्यंत आणि तिथून परत दारापर्यंत लाल ठसे उमटलेले तिला दिसले. चपलेत घालायला शामसुंदरने पाय उचलला, तशी टाचेत खोल रुतलेली मशीनची मोडकी सुईही दिसली.

तिची नजर कुठे खिळलीय म्हणून शामसुंदरने मागे वळून फरशीकडे पाहिलं आणि तो चरकला.



"अगं धनलक्ष्मी, एवढं कुणाला लागलं? बोल की!"