डोळ्यांत उजेड

जळकोटच्या सडकेवर मल्लिनाथची बैलगाडी शेजारच्या पंचाक्षरीच्या मोटारीला कधी वाट द्यायची नाही. त्यावरून दोघांचं बोलणंही तुटलं होतं. अठ्ठावन्न साली पंचाक्षरीनं सोलापूरहून मोटारीला झगझगीत बल्ब बसवून घेतले.

“दिवे जरा खाली झुकवतो,” मिस्त्री म्हणाला, “म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जायचे न्हाईत.”

“डोळ्यांतच जाऊ द्या,” पंचाक्षरी म्हणाला. “त्याच्यासाठीच बसवलेत.”

दिवेलागणीला गावाकडं परतताना, नळदुर्ग ओलांडल्यावर मल्लिनाथची गाडी समोरून येताना दिसली. पंचाक्षरीनं दिवे पुरते सोडले. बैल बुजले आणि गाडी सडकेखालच्या चरात कलंडली. मल्लिनाथ डोळ्यांवर हात धरून काहीतरी ओरडत होता. शिव्याच देत असणार, असं समजून पंचाक्षरी हसला आणि न थांबता घरी आला.

दाराला बाहेरून कडी होती, बायको कुठं दिसेना. मल्लिनाथची आई नागम्मा तिच्या ओट्यावरून म्हणाली, “तुझ्या जगदेवीला अवेळीच कळा सुटल्या, बाबा. तू मोटार घेऊन गेलेला.”



“मग,” नागम्मा पुढं म्हणाली, “आमच्या मल्लिनाथनंच गाडी जुंपून तिला नळदुर्गच्या दवाखान्यात नेलंय, वाटंत गाठ पडली असंल की.”