धक्क्याचा रिवाज

पौषातल्या थंडीत बंदराच्या धक्क्यावर भिवाच्या गळाला हिसका बसला. मासा मोठा होता, पण दोरी धाकट्या जन्याच्या दोरीत गुंतली होती. घराच्या वाटणीपासून दोघे भाऊ बोलत नव्हते.

दोऱ्या गुंतल्या, की मागून आलेल्याने आपली कापायची, हा धक्क्याचा रिवाज. लहानपणी जन्याला तो भिवानेच शिकवला होता. आज मागून आला होता भिवा.

"राहू दे, दादा," एवढं तरी जन्या म्हणेल, म्हणून भिवा सुरी काढून थांबला. जन्या समुद्राकडेच बघत राहिला. भिवाने दोरी कापली.

जन्याने ओढताच भिवाच्या कापलेल्या दोरीसकट तांबोशी वर आली. तोंडात भिवाचाच गळ होता.

"अरे, मासा थोरल्याचा आहे," शेजारचा म्हातारा म्हणाला.

जन्याने मासा टोपलीत टाकला, गळ भिवाच्या पायाशी फेकला. "हा घे, दादा, तुझा हिस्सा. वाटणी चोख असलेली बरी."