चौदा महिन्यांच्या गप्पा

पिंप कापून केलेल्या खुर्चीत बसवून खलाशांनी केझायाला दोरांनी होडीत उतरवलं. देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या नवऱ्याच्या जहाजावर ती एकटीच बाई. भरसमुद्रात दुसरं अमेरिकन जहाज दिसलं की भेटीला जायची रीत होती, आणि या जहाजावरही कप्तानाची बायको होती म्हणे. चौदा महिन्यांच्या गप्पा साठल्या होत्या.

पलीकडच्या म्हाताऱ्या कप्तानाने केबिनचं दार उघडलं. आत रिकाम्या खुर्चीवर अर्धवट विणलेला पायमोजा.

“मागच्या महिन्यात गेली, तापाने,” तो म्हणाला. “घटकाभर तिथे बसून विणाल? सुयांचा आवाज ऐकून बरेच दिवस झाले.”

ती बसली, राहिलेल्या टाक्यापासून पुढे विणू लागली. कप्तानाने डोळे मिटले. केझायाने चकार शब्द काढला नाही. तिचा आवाज त्याला परका वाटला असता.