लवणारा पट्टा

"तिची पिशवी काही कामाची नाही गं," मोगिया म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून बघतेय. आता दुसरी आणायलाच हवी."

चुलीच्या खोपीबाहेर लाकडं उतरवणारी डेल्मा जागच्या जागी थिजली. आत तिची सासू शेजारच्या तेरेसियाशी बोलत होती.

"डोमिनिकला विचारलंस?" तेरेसियानं विचारलं.

"त्याला काय विचारायचंय? हे आपण बायकांनी बघायचं असतं. मी बघून ठेवलीय एक. जुनी आहे, पण खमकी आहे."

दोघी हसल्या. डेल्माला ते हसू फार लागलं. जुनी आणि खमकी, म्हणजे कुणीतरी विधवा असणार. पोरंबाळं होऊन गेलेली, खात्रीची.

दोनदा तिला दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा गेलं होतं. घरात त्यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि त्याबद्दल ती मनातून या लोकांची फार ऋणी होती. ती समुद्रकाठची. सिंबूच्या या उभ्या डोंगरात आली तेव्हा तिला चिखलात पाय रोवता येत नव्हता की ओलं लाकूड पेटवता येत नव्हतं. 'खाऱ्या पाण्याची पोर' म्हणून वाडीनं तिची यथेच्छ चेष्टा केली. मोगियानंही केली, पण सगळं शिकवलं तिनंच. डेल्मा तिला आई म्हणायची ती रीत म्हणून नव्हे. दोन बायका करणारे पुरुष वाडीत होते, त्याचं कुणाला नवल नव्हतं. नवरा दुसरी करील याची धास्ती तिला होतीच. पण ती दुसरी ही बाई शोधून आणील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

ती रडली नाही. तिचा नवरा डोमिनिक कॉफीच्या मळ्यावर गेला होता. त्याला भेटलं तर पाय निघणार नाही, हे तिला ठाऊक होतं. कपडे, घोंगडी, माहेरून आणलेलं पातेलं तिनं आपल्या लालपिवळ्या नायलॉनच्या पिशवीत कोंबलं, पट्टा कपाळाला लावला, ओझं पाठीवर सोडलं आणि सडकेकडे उतरायला लागली. तिथून ट्रक मिळाला की झालं. मग समुद्र आणि माहेर.

उतार कसला, कडाच तो. प्रत्येक पावलाला ओझं खाली आदळायचं आणि दोरी कपाळाला हिसका द्यायची. हिसका मानेतून थेट कण्यात उतरायचा. नायलॉन कुठलं ऐकतंय! डोंगर म्हणजे हेच, आपली मानच इथली नाही, अशी तिनं मनाची समजूत घातलेली होती.

"अगं ए डेल्मा! थांब की जरा! पाय आहेत की चाकं?"

मोगिया वरून धापा टाकत येत होती. हातात काहीतरी फडफडत होतं.

"बाजाराला निघालीस आणि सांगायचं नाही होय? उतरव ते."

डेल्मानं तोंड उघडायच्या आत तिनं ओझं खाली घेतलंसुद्धा. हातातली पिशवी तिनं पसरली. सालीच्या सुताची, धुरानं काळपटलेली, जुनीपानी. पट्टा मात्र कोरा होता. हातभर रुंद नव्हे, पण कपाळभर नक्कीच, आणि फासात फास घालत गाठ न मारता विणलेला. सगळं सामान त्या पिशवीत ओतून तिनं पट्टा डेल्माच्या डोक्यावर बसवला.

"चालून दाखव."

डेल्मा सवयीनं चालली. पाऊल खालच्या दगडावर पडलं. हिसका येणार म्हणून तिनं मान आखडून धरली.

हिसका आला नाही. पट्टा जरासा लवला, ओझ्याचा दणका त्यानं गिळला, आणि ओझं अलगद परत वर आलं. दुसऱ्या पावलालाही तसंच झालं. इतकं बरं वाटलं की ज्या रागानं ती निघाली होती तो कुठं ठेवावा हेच तिला कळेना.

"लवतोय ना?" मोगिया तिच्या मानेकडे डोळे बारीक करून बघत होती. "कितीदा उसवला मेला! घट्ट विणला की हिसका बसतो, सैल विणला की ओझं कुल्ल्यावर आपटतं. तुझ्या त्या नायलॉननं मानेची पार वाट लावलीय बघ. तेरेसियाला म्हटलंसुद्धा मघाशी, तिची पिशवी कामाची नाही, दुसरी आणायला हवी."

डेल्मा ओझ्यासकट वाटेतच खाली बसली. रडत, हसत तिनं सगळं सांगून टाकलं. "मला वाटलं... पोटातली म्हणतेस."

दोन्हीला शब्द एकच, त्याला कोण काय करणार!  मोगिया पोट धरून हसली.

"म्हणजे मी डोमिनिकला खमकी म्हातारी आणणार होते? आणि या कड्यावर आणखी एक सून? एकीला चालायला शिकवताना माझे केस पिकले, बाई!"

डेल्माही हसली, पण फार वेळ नाही. तिनं तळव्यानं डोळे पुसले.

"पण आई, तीही पिशवी कामाची नाहीच ना?"

हे ती पहिल्यांदाच तोंडानं बोलली होती. मोगियाचं हसू थांबलं. ती डेल्माला खेटून बसली.

"डोमिनिकनं तुला सांगितलं नाही?"

"काय?"

"नसेल सांगितलं. आमच्यात त्यात सांगण्यासारखं काही नसतं." तिनं डेल्माच्या कपाळावरचा पट्टा नीट केला. "माझ्या पोटाला पोर कधी लागलंच नाही, पोरी. धाकट्या बहिणीनं तिचा तान्हा याच पिशवीत घातला, पट्टा माझ्या कपाळाला लावला, आणि मी आई झाले."