लाल चिंधीचा पिंजरा

तिसऱ्या दिवशी सकाळी लाल चिंधीच्या पिंजऱ्यात दोन उंदीर पाय वर करून पडलेले होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेचा शिपाई जळबा यानं आधी दाराला कडी घातली, मग देवाचं नाव घेतलं.

पिंजरे दोन. एकाला लाल चिंधी, एकाला पिवळी. प्रत्येकात मलेरिया टोचलेले दहा पांढरे उंदीर. विजयकुमार सरांनी दोन हिरव्यागार बाटल्या भरल्या, त्यांनाही तशाच चिंध्या बांधल्या आणि ते परीक्षेच्या ड्युटीवर निघून गेले. जळबानं रोज ज्याचे थेंब त्याला पाजायचे. कोणत्या बाटलीत काय, ते सरांच्या वहीत, आणि वही कुलपात. शिपायानं विचारायचं नसतं. जळबाची एकवीस वर्षं न विचारण्यातच गेली होती.

दोन्ही बाटल्या हिरव्या म्हणजे दोन्हीत औषधी पाला, असं त्यानं धरलं; आणि पाला कुणाचा, हे तर त्याला पक्कं ठाऊक. तांड्यावरच्या धुरपताबाईचा. जळबाची पोरगी त्याच पाल्यानं तापातून उठली होती, म्हणून त्यानंच सरांना तिच्या दारात नेलं. म्हातारीनं पाला दिला, पण बजावलं, "आज्यापासून चालत आलेला पाला हाय, जळबा. कागदावर खोटा पडला, तर तांड्यावर पाय ठेवू नको."

"काहून खोटा पडंल, मावशे?" जळबा हसला होता.

आता तोच पाला लाल पिंजऱ्यात पाय वर करून पडला होता.

मागच्या खोलीत धडधाकट राखीव उंदीर होते. त्यांना दाणा जळबाच टाकी, मोजीही तोच. त्यानं त्यातले दोन लाल पिंजऱ्यात सोडले. मेलेले बाभळीखाली पुरले. आठवड्यात अशी नऊ मयतं झाली. पिवळ्यात एकही नाही. तिकडं पाला दाट पडला असावा, असं म्हणून त्यानं पाप निम्मंच धरलं.

तरी ते निम्मंही त्याला टोचत होतं. रविवारी नरसीला जाऊन त्यानं नामदेवांच्या देवळाच्या पायरीवर कान धरले. देव काही बोलले नाहीत. शिपायाशी सहसा कोणी बोलत नाही.

दहाव्या दिवशी सर आले. लाल पिंजरा मोजला. दहा. पिवळा मोजला. दहा. पुन्हा मोजले.

"एकही मेला नाही?"

खरं अगदी जिभेवर आलं. तेवढ्यात धुरपताबाई डोळ्यांपुढं उभी राहिली.

"न्हाई, सर."

"नक्की?"

"पोरीची आण."

सर खुर्चीत बसले. कुलूप काढून वही उघडली आणि पानभर तिरपी रेघ मारली.

"धुरपताबाईला निरोप दे. पाल्यात काही दम नाही."

"काहून, सर? समदे तर जगले!"

"तेच तर, जळबा. लाल बाटलीत मी नुसतं रंगवलेलं पाणी भरलं होतं. पाणी पिऊनही दहाच्या दहा जगले, मग पाल्याचं कौतुक कशाला?"