भाविकाच्या गाडीची वॉरंटी

"काका, उद्या नक्की सांगा हं. वॉरंटी एकदा संपली की मग वाढवून मिळणार नाही," शोरूममधली निशा फोनवर म्हणाली.

"बघतो," म्हणून हेमकांतने फोन ठेवला.

समोर शेडमध्ये पांढरी गाडी उभी होती. वाढीव वॉरंटीत काय काय येतं, ते निशाने नीट समजावलं होतं. इंजिन, गिअरबॉक्स, एसी. टायर आणि बॅटरी त्यात येत नव्हती. पण जी गाडी कुणी चालवतच नाही, तिचं बिघडणार तरी काय?

गाडी भाविकाची होती. हेमकांतची एकुलती एक लेक. शहाद्याच्या कॉलेजात शिकवायला लागली, तेव्हा ब्राह्मणपुरीहून रोजची ये-जा सोपी व्हावी म्हणून त्याने तिच्याच नावावर घेतली होती. सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. पहिली सर्व्हिसिंग व्हायच्या आतच भाविका गेली.

त्या दिवशी ती गाडीने निघालीच नव्हती. अक्कलकुव्याच्या बसमध्ये चढताना तिला गावातल्या कुणीतरी पाहिलं, आणि संध्याकाळी बातमी आली. हेमकांतचे पाय जागचे हलले नाहीत. मोठा भाऊ सुपडू तेवढा जाऊन आला. ओसरीवर बसला आणि नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी भाऊबंद तापीवर अंघोळी करून आले. पुढे तेरावंही रीतसर झालं.

तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढत नसे. भिंतीवर फोटो नव्हता. हेमकांतनेच लावू दिला नव्हता.

पण गाडी राहिली. बॅटरी बसू नये म्हणून तो रोज सकाळी ती सुरू करी. सीट अजून भाविकाच्या उंचीला होती, त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकत. तरी त्याने ती मागे सरकवली नाही. दार लावलं की तिच्या केसांच्या तेलाचा वास येई. इतक्या दिवसांनी कसा येईल? पण येई. कधी वाटे, मागे कुणीतरी बसलं आहे. तो आरशात बघे. मागची सीट रिकामी असे.

एकदा भर दुपारी तो केळीला पाणी देऊन परतला, तर बायको प्रतिभा गाडीत एकटीच बसली होती. काचा वर. ओठ हलत होते. मध्येच ती हसली. हेमकांतच्या अंगावर काटा आला. तो मागच्या मागे शेतात निघून गेला. त्याबद्दल तिला त्याने कधी विचारलं नाही.

फोन येऊन गेला त्या संध्याकाळी सुपडू ओसरीवर आला.

"इकी टाक ती गाडी," तो म्हणाला. "मढं कोनी दारमा ठेवस का?"

प्रतिभा चहा घेऊन आली होती. ती सहसा जेठासमोर बोलत नसे.

"इकानी नही," ती म्हणाली. "वॉरंटी ली ल्या."

"कोनकरता?" हेमकांतने विचारलं.

ती कप ठेवून आत गेली.

सकाळी हेमकांत गाडीत बसला. सुपडूचंच बरोबर, विकून मोकळं व्हावं, असं त्याने मनाशी ठरवलं. सीट मागे घ्यायला हात खाली घातला, आणि मानेमागे गार श्वास लागून आवाज आला, "आबा, नका ना."

अगदी भाविकाचाच. हट्ट करतानाचा.

त्याने हात काढून घेतला. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. मग त्याने प्रतिभाला हाक मारली. "चाल. नंदुरबार जाई येऊ."



शोरूममध्ये निशाने हसून खुर्च्या दिल्या. नोकरीला नवीनच असावी. "बरं केलंत काका. गाडी मुलीच्या नावावर आहे ना? त्यांच्या मोबाईलवर संमतीची लिंक पाठवलीय. त्यांनी 'मान्य' दाबलं की झालं काम."

हेमकांतचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळनंतर तो नंबर त्याने कधीच लावला नव्हता.

"बेटा, ती गेली," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली."

निशाचा हात तोंडावर गेला. "सॉरी काका. मला खरंच माहीत नव्हतं. मी रद्द करते हे."

ती कॉम्प्युटरकडे वळली आणि तशीच थांबली.

"काय झालं?" हेमकांतने विचारलं.

"काका," तिचा आवाज एकदम बारीक झाला, "संमती आलीय."

प्रतिभाने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. हेमकांतला मानेमागे तोच गार श्वास जाणवला, सकाळचा.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. निशाने नंबर पाहिला, एकदा स्क्रीनकडे बघितलं, आणि रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे लहान मूल रडत होतं, ते हेमकांतलाही ऐकू आलं. निशा ऐकत राहिली. मग रिसीव्हरवर तळहात ठेवून ती ओरडलीच, "काका, त्या स्वतः बोलताहेत! भाविका! अक्कलकुव्याजवळच्या खापरहून. काका, तुमची मुलगी जिवंत आहे!"

"माहीत शे माले," हेमकांत म्हणाला. "तिनी परजातना रायसिंगसंगे पळी जाईसन लगीन करं, म्हनीसन जित्या पोरनं तेरावं मीच करं. दे, फोन दे इकडे."