कुलपातलं भिंग

गॅसगळतीचा खटला चालू असलेल्या कंपनीच्या फुकट शिबिरात तांडेलमावशी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला आल्या. उजवा गेल्या महिन्यात झाला होता. त्याच डोळ्याने त्यांनी पाहिलं: लोकांची काढलेली भिंगं डॉक्टर कंपनीच्या पेटीत कुलूपबंद करत होता.

“माझं भिंग मला घरी न्यायला द्या.”

“कचरा आहे तो, मावशी.”

“कचऱ्याला कुलूप लावतं का कोणी? भिंगातलं प्रथिन जन्मभर तेच राहतं, नवं बनत नाही. प्रयोगशाळेत तपासलं की तुमच्या गॅसने ते कसं करपलं, ते कोर्टालाही दिसतं. उजव्याचं तर गिळलंत!”

डॉक्टरने नजर चुकवली. “भिंग इथंच राहणार. वरून हुकूम आहे.”

मावशी उठल्या. “मग राहू दे हा डोळा आंधळा. तुम्ही गॅस सोडलात तेव्हा तो उघडा होता. त्याचं भिंग आता कोर्टाचाच डॉक्टर काढेल.”